थोरलीच्या बॉनेटखाली

नानांना टेकडीवर न्यायच्या सकाळी थोरलीला खोकला झाला.

थोरली म्हणजे ट्रक. घरात मुलगे दोनच. पण ट्रक त्यांच्या आधी आला, नाना त्याला लाडानं थोरली म्हणू लागले, आणि मग जो पहिला मुलगा झाला तो जन्मतःच मधला ठरला. मधल्यानं शाळेत असताना याविरुद्ध रीतसर तक्रार केली होती. "तू चार टन उचलायला लाग, मग तुला थोरला म्हणू," नाना म्हणाले होते. मधला पाणीपुरवठा खात्यात चिकटला, चार टन राहून गेले, आणि आता नाना बाहेरच्या खोलीत पांढऱ्या चादरीखाली होते, त्यामुळे अपील करायलाही कोणी उरलं नव्हतं.

"मार पुन्हा," मधला शेडच्या दारातून म्हणाला.

धाकट्यानं स्टार्टर दाबला. इंजिन उठलं, दोन पावलं चालल्यासारखं केलं, अडखळलं, फसफसलं आणि बसलं. धाकटा माणसांपेक्षा इंजिनांचं जास्त ऐकणारा. नानांनी अंथरूण धरल्यापासून थोरली तोच चालवत होता, आणि सहापैकी कुठले प्लग ओले झालेत ते त्याला खोकल्यावरून कळायचं.

"तिसरा आणि चौथा," तो म्हणाला. "मघाशीच पुसले होते."

"पण पाणी येतंय कुठून?"

"वरून."

"वरून ते कळलं मला."

"मग विचारतोस काय? पाण्याच्या खात्यात तू आहेस."

"आमच्या खात्याचं काम पाणी आणायचं. थांबवायचं नाही."

"आणता तरी कुठे?" उलट्या बादलीवरून तिसराच आवाज आला.

हा शववाहिनीचा ड्रायव्हर. मधल्यानं सकाळी फोन करून गाडी मागवली होती, आणि ती वेळेवर आली, हाच सगळा घोळ झाला होता. फाटकाबाहेर पांढरी बंद गाडी उभी होती आणि तिचा ड्रायव्हर बादलीवर बसून घरचा चहा पीत होता.

"तुमचा खोळंबा होतोय," मधला ओशाळून म्हणाला.

"छे हो. माझी गिऱ्हाइकं कधी घाई करत नाहीत."

घाई कोणालाच नव्हती, आईला तर मुळीच नाही. ती सकाळपासून एकच वाक्य बोलत होती. मधला पुन्हा घरात गेला, तिच्यासमोर उकिडवा बसला, आणि ती ते वाक्य पुन्हा बोलली.

"ते थोरलीतूनच जातील."

"आई, पाऊस बघ. चढावर बंद पडली म्हणजे? नानांना घेऊन रस्त्यात उभं राहायचं का?"

"बंद गाडीत त्यांना मळमळतं."

"आता नाही मळमळणार, आई."

"तुला काय माहीत?"

मधल्यानं उत्तरासाठी खिशात हात घालूनही पाहिलं.

"मला या घरात आणलं ते थोरलीतून," आई म्हणाली. "त्यांना या घरातून न्यायचं तेही थोरलीतूनच. मध्ये दुसरं कोणी नको. नीट कर ती गाडी."

"मी नीट करू?"

"इतकी वर्षं नोकरी केलीस ना पाण्यात?"

मधला परत शेडमध्ये आला आणि पाण्यात नोकरी केलेल्या माणसासारखा बॉनेटसमोर उभा राहिला.

थोरलीचं बॉनेट जुन्या पद्धतीचं. मधोमध लांबलचक बिजागरी, आणि दोन्ही बाजूंनी पंखांसारखं उघडणारं. दिसायला राजेशाही. पण पाऊस त्या बिजागरीच्या फटीतून सरळ खाली, आणि बनवणाऱ्यानं प्लगांची रांग बरोबर तिच्याखालीच मांडलेली. "वाळवंटात काढलेली दिसते," नाना म्हणायचे. त्यांनी त्यावर स्वतःचा उपाय केला होता. बिजागरीखाली लांब झोळी, मागच्या बाजूला उतरती. फटीतून आलेलं पाणी झोळीत पडायचं, मागे सरकायचं आणि रबरी नळीतून रस्त्यावर जायचं. दर पावसाळ्याआधी नाना शेडचं दार आतून लावून घ्यायचे. थोरलीला टोपी घालतोय, एवढंच सांगायचे. मदतीला कोणाला घ्यायचे नाहीत, बघायलाही नाही. या पावसाळ्याआधी मात्र त्यांना पाण्याचा पेलाही धरवत नव्हता.

"झोळी खाली काढावी लागेल," धाकटा म्हणाला.

"नानांनी हात लावू दिला नसता."

"मग ये विचारून."

तेवढ्यात फाटक वाजलं. पुढे काका होते, गुडघ्याखाली पोचणाऱ्या काळ्या रेनकोटात. मागे छत्री धरून काकू. काका घड्याळं दुरुस्त करायचे आणि घड्याळाइतकंच बोलायचे, म्हणजे वाजले तर. ते घरात जाऊन भावाजवळ उभे राहून आले. काकू पायरीशीच थांबली.

"आत या ना, काकू," मधला म्हणाला.

"इथंच बरी आहे मी. भाऊजींना उचलाल तेव्हा हात लावीन."

कोणी आग्रह केला नाही, कारण ती आत का येत नाही ते सगळ्यांना ठाऊक होतं. आईचा एक जांभळा रेनकोट होता, पांढऱ्या पट्टीचा, माहेरून आलेला. तसा गावात दुसरा नव्हता. एका पावसाळ्यात तो खुंटीवरून नाहीसा झाला. काका-काकू तेव्हा इथंच राहायचे, आणि बाहेरचं कोणी घरात आलेलं नव्हतं. आईनं काकूची पेटी अंगणात ओढून आणली आणि शेजारीपाजारी बघत असताना उपडी केली. रेनकोट निघाला नाही. लहान सदरे निघाले. धाकटा तेव्हा नुकता पळायला लागला होता. त्याच्या जन्मानंतर आई बरेच दिवस आजारी होती, पोर काकूच्या कडेवरच वाढलं, आणि काकूनं त्याचे पुढच्या कितीतरी वर्षांचे सदरे चढत्या मापानं शिवून ठेवले होते. आई त्या सदऱ्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "विकलास तू तो." दुसऱ्या दिवशी काका-काकू गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. सदरे काकूनं बरोबर नेले. तिला स्वतःचं मूल झालं नाही. सदऱ्यांचं काय केलं, हे तिला कधी कोणी विचारलं नाही.

आता काकूचं ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं. गावातल्या झाडून सगळ्या ट्रकांवर तिच्या हातची ताडपत्री होती. फक्त थोरलीवर बाजारची.

शेड म्हणजे काही घर नव्हे, असा स्वतःशी निवाडा करून काकू पावसातून शेडमध्ये येऊन उभी राहिली. "या, बसा," धाकटा म्हणाला. पाहुण्यांशी बोलावं तसं. त्याला तिच्या कडेवरचं काहीच आठवत नव्हतं. काकूनं त्याच्या खांद्यांवरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. धंद्याची सवय.

झोळीच्या दोन्ही कडा लाकडी पट्ट्यांनी आवळलेल्या होत्या. धाकट्यानं एकेक बोल्ट सोडवला, मधल्यानं खालून आधार दिला, आणि शेवटचा बोल्ट निघाला तशी झोळी धप्पकन मधल्याच्या अंगावर आली. ओल्या गादीचं वजन.

"ही झोळी आहे की म्हैस?"

धाकटा खाली बसून कडेकडेनं बोट फिरवत होता. "जुनं कधी काढलंच नाही त्यांनी. दर वर्षी डांबर फासायचं, आणि फाटलं की वरून नवं ठोकायचं. बघ, केवढे थर. वजनानं मधोमध पोट सुटलंय. पाणी मागे जातच नाही, पोटात साचतं आणि तिसऱ्या-चौथ्यावर सांडतं."

"काढ सगळं. तळचा एक ठेवू," मधला म्हणाला आणि सुरी घेऊन बसला.

उशीर का होतोय ते बघायला आई शेडच्या दारात आली. काकूला बघून ती दाराच्या एका बाजूला उभी राहिली, काकू दुसऱ्या बाजूला सरकली. मधोमध काका आले.

पहिला थर सुटला. डांबराखाली पिवळी बदकं होती.

"हा आपल्या न्हाणीघरातला पडदा!" मधला म्हणाला. "धोब्यानं हरवला म्हणून आपण धोबी बदलला तो!"

"चांगला होता बिचारा," आई म्हणाली. "इस्त्री छान करायचा."

दुसरा थर जेवणाच्या टेबलावरच्या मेणकापडाचा निघाला. ते मांजरानं फाडून कुठे तरी ओढून नेलं, असं तेव्हा ठरलं होतं. नाना स्वतः त्या मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून आले होते.

"त्यांनी? स्वतः?" धाकट्यानं विचारलं.

"रडतही होते सोडताना," मधला म्हणाला. "मला वाटलं, मांजरावर जीव आहे."

मग गरम पाण्याची रबरी पिशवी, फाडून सपाट केलेली. आईनं तोंडावर हात ठेवला. पलीकडच्या बाईनं ती नेली म्हणून आईनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि ती बाई सकाळपासून स्वयंपाकघरात या घरचा चहा करत होती. त्याच्याखाली गमबुटाची नळी निघाली आणि मधल्याच्या हातातली सुरी थांबली.

"माझा बूट. एकच बूट नेणारा चोर कसा असेल, म्हणून मी वर्षभर रस्त्यात लोकांचे पाय मोजायचो!"

बादलीवरचा ड्रायव्हर आधी फुटला. मग धाकटा. मग आईसुद्धा हसली, अगदी पदर तोंडात कोंबून हसली. घरात माणूस आडवा झालेला आणि शेडमध्ये सगळे पोटं धरून. काकूही हसत होती. दाराच्या दोन बाजूंच्या त्या दोघींनी एकदा एकमेकींकडे पाहिलंसुद्धा.

मधल्यानं डोळे पुसले, सुरीचं टोक शेवटच्या थराखाली घातलं आणि डांबराचा पापुद्रा उचलला.

जांभळं होतं. कडेला पांढरी पट्टी.

ड्रायव्हर एकटाच थोडा वेळ हसत राहिला. मग त्याच्याही लक्षात आलं की आपण एकटेच आहोत.

काकू पुढे आली. रंगाकडे तिनं फारसं बघितलं नाही. रंग ती कशी विसरणार होती. ती खाली बसली आणि कापडाची कड दोन बोटांत धरून उलटी केली. रेनकोटाच्या पाठीचे दोन उभे तुकडे एकमेकांना जोडले होते. मशीनची शिवण. आणि शिवण डावीकडे ओढत गेलेली, दर वितीवर पुन्हा सरळ आणलेली, पुन्हा डावीकडे. असं शिवणारा माणूस तिला जगात एकच माहीत होता. त्याला मशीनला हात लावू नका म्हणून तिनं नव्या संसारात शंभरदा बजावलं होतं.

"अहो," ती मान वर न करता म्हणाली. "त्या पावसाळ्यात आपल्या मशीनची सुई कोणी मोडली होती?"

काका स्वतःच्या रेनकोटाची बटणं बघत होते.

"उंदरानं," ते म्हणाले.

"उंदरानं."

"तू तेव्हा मान्य केलं होतंस."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. काकांनी एक बटण काढलं आणि पुन्हा लावलं.

"दादा म्हणाला, मी सांगतो वहिनीला. एक खेप होऊ दे, नवा आणून देतो आणि सांगतो. दोघं खेपेवरून आलो तर पेटी अंगणात होती. मग दादा म्हणाला, आता कसं सांगायचं. मी म्हटलं, बरं."

"बरं," काकू म्हणाली.

"एवढंच म्हटलं मी."

काकूनं कापड खाली ठेवलं. ज्या घरात ती नंतर त्या माणसाबरोबर राहिली, ज्या ताटात त्याला वाढत आली, ती सगळी वर्षं तिच्या चेहऱ्यावरून कोणीतरी हळूहळू खाली उतरवून ठेवत होतं.

आई मात्र ताठ उभी होती. मधल्याला वाटलं ती पडेल, म्हणून तो उठला.

"त्यांना बंद गाडीतून न्या," आई म्हणाली.

"आई, अगं…"

"मळमळू दे."

ड्रायव्हर बादलीवरून उठला आणि कप खाली ठेवला. त्याला पहिल्यांदाच वाटलं की आपण इथे यायला नको होतं. मधल्यानं धाकट्याकडे पाहिलं. सकाळपासून त्याला हेच हवं होतं. आता मिळालं तर ते घ्यायला हात पुढे होईना.

"थोरलीतूनच जातील ते," काकू म्हणाली.

सगळे वळले.

"त्यांनी तुझ्याशी असं केलं," आई म्हणाली, "आणि तू म्हणतेस?"

"ही गाडी भिजू नये म्हणून माझं घर गेलं, वहिनी. आज ती भिजली आणि चढावर बंद पडली, तर मग कशासाठी गेलं सगळं?" तिनं पिशवी उघडून दाभण काढलं, मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ काढलं, कात्री काढली. कोणाच्या घरी कोणी गेलं तरी ती पिशवी बदलत नसे, दुकानातलीच घेऊन निघे. "अहो. रेनकोट काढा."

"हा?" काका म्हणाले.

"दुसरा कुठला घातलाय का आत?"

काकांनी रेनकोट काढला. हात पुढे करून, शिंप्यासमोर करतात तसे. तो चांगला होता, जाड, गेल्याच पावसाळ्यात काकूनंच शिवलेला. काकूनं तो जमिनीवर पसरला आणि पाठीतून कात्री घातली. आवाज ऐकून काकांनी खांदे आत घेतले.

"एकच पदर लावायचा," ती धाकट्याला म्हणाली. "खाली जुनं काही ठेवायचं नाही. ते टोक धर. ताणून. अजून वर."

धाकट्यानं टोक धरलं. तिचा टाका बघण्यासारखा होता. दाभण आत, दोरा ओढून गाठ, पुन्हा आत. एकही टाका दुसऱ्याहून लांब नाही. हे सगळं आपल्याशी संबंधित आहे, एवढं त्याला समजत होतं. कसं, ते नीट लागत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की काकूनं चोरी केली, असं तो लहानपणापासून ऐकत आला होता आणि त्यानंही ते दोन-चार ठिकाणी सांगितलं होतं.

"तुमचा हात फार सफाईचा आहे," तो म्हणाला. दुसरं काही सुचेना.

"छाती किती लागते रे तुला? बेचाळीस?"

"चाळीस."

"चाळीसच?" काकूचं दाभण मध्येच थांबलं. "मला वाटलं होतं, जास्त भरशील."

धाकट्याला उगीचच कमी पडल्यासारखं वाटलं.

नवी झोळी लागली, उतार नळीकडे काढला, तिसरा आणि चौथा प्लग पुसून पुन्हा बसवला. मधल्यानं बादलीभर पाणी बिजागरीवर ओतलं. मागे रबरी नळीतून बारीक धार लागली आणि खाली जमिनीवर पडू लागली. "आलं पाणी," मधला म्हणाला. त्याच्या खात्यात हे वाक्य क्वचितच कोणाला म्हणायला मिळायचं. धाकट्यानं स्टार्टर मारला. पहिल्यांदा नुसती घरघर, दुसऱ्यांदा त्याहून क्षीण, आणि तिसऱ्यांदा थोरलीनं सगळे सहाच्या सहा ठोके धरले.

नानांना फळीवरून आणून ट्रकच्या हौद्यात ठेवलं, वर बाजारची ताडपत्री ओढली. काकूनं हात लावला. केबिनमध्ये तिघांचीच जागा: धाकटा, आई आणि मध्ये इंजिनाच्या उबेला काकू. मधला शववाहिनीत ड्रायव्हरशेजारी बसला. "रिकामी तर रिकामी, मागेमागे येतो," ड्रायव्हर म्हणाला होता. "बंद पडलीच, तर लाज वाटून घेऊ नका." आणि काका हौद्यात भावाशेजारी.

वळणावर मधल्याला ते समोर स्पष्ट दिसले. सदरा अंगाला चिकटलेला, डोक्यावरून पाणी निथळतंय, आणि दोन्ही हातांनी ताडपत्रीची कड धरून ठेवलेली, वाऱ्यानं दादाच्या तोंडावरून उडू नये म्हणून.

"त्यांना पुढे बोलवा हो," ड्रायव्हर म्हणाला. "नाहीतर आठवड्यानं मला परत यावं लागेल."

मधल्याला हसू आलं, पण ते बाहेर निघालंच नाही. खिडकीकडे तोंड करून तो बाहेर बघत राहिला. त्या मांजराचं रंगरूप आठवायचा प्रयत्न करत होता. नानांना रडताना त्यानं तेवढं एकदाच पाहिलं होतं.

पुढे केबिनमध्ये आईही मागच्या छोट्या काचेतून बघत होती.

"त्याला आत घेऊ या का? दाटीनं बसू."

"राहू दे तिथंच," काकू म्हणाली. "दोघंही गप्प बसण्यात पटाईत. सोबत होईल."

चढ सुरू झाला. धाकट्यानं गिअर खाली घेतला आणि कान टवकारले. चढामुळे झोळीतलं पाणी भराभर मागे पळत होतं. नळीचा गळका आवाज फरशीखालून येत होता. एकदा, सगळ्यात अवघड वळणावर, थोरली किंचित अडखळली. केबिनमधल्या तिघांनीही श्वास रोखला. मग तिनं घसा साफ केला आणि वर चढली.

टेकडीवरच्या स्मशानात कोणीच नव्हतं. शेजारपाजारचे पावसाचा जोर कमी झाल्यावर येणार होते. फाटकाच्या आत चिखल, म्हणून गाडी बाहेरच थांबवावी लागली.

"इंजिन बंद करून चालायचं नाही," धाकटा म्हणाला. "सकाळपासून स्टार्टर मारून मारून बॅटरी बसलीय. बंद केलं तर थोरली इथंच राहील. कोणीतरी पाय ठेवून बसा."

उचलायला पुरुष चौघंच होते, शववाहिनीचा ड्रायव्हर धरून. काकू सरकून स्टीअरिंगमागे बसली. धाकट्यानं तिला ॲक्सिलरेटर दाखवला. "एवढाच दाबून धरा. कमी नको, जास्त नको." आई खाली उतरली, छत्री उघडली, चौघांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली. तिथून परत आली, छत्री मिटली आणि पुन्हा काकूशेजारी येऊन बसली.

"काय झालं?"

"काही नाही."

"खोळंबतील ते."

"खोळंबू दे."

वायपर एका बाजूला जात होता, दमल्यासारखा परत येत होता.

"रेनकोट त्याच दिवशी सापडला असता," आई म्हणाली, "तर…"

"तर दुसरं काहीतरी हरवलं असतं." काकूनं पाय हलू दिला नाही. "तुम्ही सदरे बघत होतात, वहिनी. मी तुमच्याकडे बघत होते."

ओल्या छत्रीचं पाणी आईच्या पावलांवर गळत होतं, ते तिनं झटकलं नाही.

"तो मला आई म्हणत नव्हता," ती म्हणाली. "तुला म्हणायचा."

"लहान होता. चुकायचा."

"चुकत नव्हता."

काचेपलीकडे चौघांनी फळी फाटकाच्या कठड्यावर टेकवली होती. दम घेत होते, की तिची वाट बघत होते. मधला ड्रायव्हरला हातवारे करून काही सांगत होता. काका फळीचं टोक धरून तसेच. आणि धाकटा बाजूला जाऊन त्यांच्याकडे पाठ करून उभा होता, खांदे वरखाली होत होते.

"रडतोय," आई म्हणाली.

"हो."

"पोटातल्या पोटात रडतो तो. मग श्वास अडकतो त्याचा."

"माहीत आहे."

आईनं छत्री खाली टाकली. "सरक."

"काय?"

"पाय काढ. मी धरते. तू जा."

"वहिनी, नवरा आहे तो तुमचा. तुम्ही नाही तर कोण?"

"त्यांना खांदा द्यायला ते तिघं आहेत. त्याला कोणी नाहीये तिथं." आईनं तिच्या पावलाशेजारी आपलं पाऊल टेकवलं. "मागून मानेवर हात ठेव. तसा ठेवला की थांबतो."

"तेही माहीत आहे," काकू म्हणाली. "ती सवय मीच लावली."

ती दुसऱ्या दारानं उतरली. छत्री घेतली नाही. आईचं पाऊल आयुष्यात पहिल्यांदा ॲक्सिलरेटरवर होतं. थोरली क्षणभर खाली गेली, बसते की काय असं वाटलं, आणि तिनं धरलं.

काचेवरून पाणी ओघळत होतं, वायपर आला की तेवढं दिसत होतं. काकू फाटकाशी पोचली. वायपर पुन्हा आला, तेव्हा ती धाकट्याच्या मागे उभी होती, हात वर उचलून, चवड्यांवर, तरी पुरत नव्हता. धाकट्यानं मागे वळून पाहिलं नाही. त्यानं फक्त गुडघे थोडे वाकवले आणि मान खाली आणली, तिचा हात पोचेल इतकी. वायपर परत आला तेव्हा तो तसाच होता. त्यानंतर आला तेव्हाही.

मग त्यांनी नानांना उचललं. काकू धाकट्याच्या बाजूनं चालत होती. मधल्यानं एकदा गाडीकडे वळून पाहिलं आणि आईनं आतून हात हलवला, जा म्हणून. ते भिंतीमागे गेले.

कमी नको, जास्त नको, असं धाकटा सांगून गेला होता. आईनं पाय पूर्ण दाबला. थोरली सहाच्या सहा ठोक्यांनी ओरडायला लागली, आणि त्या आवाजात आईला मोठ्यानं रडता आलं.